जीपचा धर्मबाप

७ मे

आणि ही मलाच शिकवते! भर जेवणात, तोंडात उकडलेला मका, आणि म्हणते कशी — "कोम्पाद्रे म्हणजे रक्ताचा भाऊ. भावाचं नाव कोणी सकाळपासून अकरा वेळा घेत नाही."

अकरा! मोजत होती. माझ्या या मोठ्या बहिणीला, बासिलियाला, स्वतःच्या कोंबड्या मोजता येत नाहीत. रोज एक हरवली म्हणून गल्लीभर भांडून येते आणि ती खुराड्यातच बसलेली असते. पण मी उर्बानोचं नाव किती वेळा घेतलं ते बरोबर मोजलं.

मी म्हटलं, बारा तारखेला लिमाचे पाहुणे घेऊन पुयुपाताला जायचंय. तिथल्या जुन्या अवशेषांचा राखणदार तो. त्याचं नाव घेऊ नको तर काय शीळ घालू?

"घाल," म्हणाली. "शीळ चालेल."

ती मोठी म्हणून मी गप्प बसले. — नाही, खोटं कशाला लिहायचं, वही माझीच आहे. गप्प बसले नाही. पातेलं आपटलं. पातेल्याला पोचा आला. आता ते चुलीवर डुगडुगतं.

राग खरा तिचा नाही. माझाच आहे, आणि चार वर्षांचा शिळा आहे. ही जीप घेतली तेव्हाचा. नवी गाडी घेतली की तिला धर्मबाप हवा. त्याशिवाय आमच्या यानामायोत कोणी तिच्यात पाय ठेवणार नाही. मी ड्रायव्हर संघटनेच्या आगापितोला सांगून ठेवलं होतं. मोठा माणूस, सोन्याचा दात. चर्चसमोर गाडी उभी, रंगीत कागदाच्या माळा, बॅंडवाले दोन, लोक जमलेले. आणि आगापितोचा पत्ता नाही. दहा मिनिटं. पंधरा. वीस. बियर गरम होत होती. माझं डोकं त्याच्या आधीच झालं होतं.

उर्बानो कोपऱ्यावर खेचरं बांधून उभा होता. धुतलेला शर्ट, केसांना पाणी. मी गेले, दंडाला धरलं आणि ओढून आणलं. तुम्हीच व्हा म्हटलं. तो म्हणाला, "बाई, मी जरा वेगळ्या कामाला आलो होतो." मी म्हटलं, काम नंतर. फोडली बिचाऱ्याने बाटली बॉनेटवर. पहिली धार जमिनीला, मग चारी चाकांना. सगळ्यांसमोर तीनदा मिठी मारली — कोम्पाद्रे, कोमाद्रे, कोम्पाद्रे. झालं. तो धर्मभाऊ, मी धर्मबहीण, जन्माचं नातं.

तेव्हा मला तो कोण होता? अवशेषांवरचं गवत कापणारा माणूस. मग महिन्याला दोन फेऱ्या, चार वर्षं. माणूस दिसत गेला. जन्मभर सगळं घाईत केलं आणि हे एकच नेमकं सावकाश झालं.

कोम्पाद्रे-कोमाद्रेंनी मनात असलं काही आणलं तर काय होतं ते पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. माणसाचा कार्काचा होतो, म्हणजे भूत. तोंड माणसाचं, धड लामाचं, आणि डोंगरातून ओरडत फिरायचं.

एक्कावन्न वर्षांची बाई मी. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. आता लामा होणार.

८ मे

आरशात पाहिलं. लोकर नाही. हनुवटीवर दोन केस आहेत, पण ते जुने.

१० मे

पाद्रे एलिसेओ महिन्याच्या फेरीला आले होते. मिस्सा संपल्यावर गाठलं. आधी ठरवलं होतं की एका मैत्रिणीची अडचण म्हणून विचारायचं. ते पहिल्याच वाक्यात विसरले.

त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. चर्चने आजवर एकाही जीपला बाप्तिस्मा दिलेला नाही, असं म्हणाले. पाणी शिंपडलं असेल, ते अपघात होऊ नये म्हणून. नातं वगैरे काही लागत नाही. मग हसायला लागले. हसत हसत विचारलं, "आणि तुमच्या त्या मैत्रिणीला हे हवंय का पण?" — म्हणजे मैत्रिणीचं मी बोलले होते तर कुठेतरी.

नाचतच घरी आले. बासिलियाला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, पाद्रे समुद्राकाठचे आहेत, त्यांना डोंगराचं काय कळतं. पाणी पाद्रेंनी शिंपडलं असेल. बियर जमिनीने प्यायली. जमिनीला जाऊन विचार.

हिची तिसरीही झालेली नाही, माझी निदान तिसरी झालीय. तरी दर वेळी हीच जिंकते.

१२ मे

निघालो. पुढे मी आणि माझी हट्टी — जीपच्या कपाळावर तेच लिहिलंय, हट्टी, पिवळ्या रंगात. मागे लिमाचे इंजिनिअरसाहेब रेनातो आणि त्यांच्या बाई मारिसेल, स्वतःच्या पांढऱ्याशुभ्र गाडीत. तिला बाजूने वर नळी काढलीय, नदीत बुडाली तरी श्वास घेता यावा म्हणून. टपावर शिडी, फावडं, दोन फळ्या, तंबू. एकही ओरखडा नाही. गाडी आहे की नवरी.

माझं काम रस्ता दाखवायचं. त्यांच्याकडे रस्ता दाखवणारा पडदा आहे, त्यातून बाई बोलते. खिंडीच्या चढावर ती बाई म्हणाली उजवीकडे वळा. उजवीकडे चारशे मीटर नुसती हवा. मी खाली उतरून सांगितलं, साहेब, हिला गप्प करा किंवा हिला एकटीला पाठवा.

खिंडीत थांबले. डोंगराला तीन कोकाची पानं, फुंकर, दगडाखाली. मारिसेलबाईंनी विचारलं, हे नशिबासाठी का? मी म्हटलं, ब्रेकसाठी.

पलीकडे उतरलो आणि ढगात शिरलो. दहाच्या सुमाराला ते खालून वर येतात, रोजचंच. झाडांना शेवाळाच्या दाढ्या, दाढ्यांतून पाणी, पाण्याने रस्त्याचा चिखल. दरड एके ठिकाणी निम्म्या रस्त्यावर आलेली. फावड्याने दीड तास. तिथून पुढे पांढरी गाडी घसरली आणि आडवी झाली. मी दोर बांधला, लो गिअर टाकला, ओढली. मग चिखलात उभं राहून इंजिनिअरसाहेबांना शिकवलं. चांगला अर्धा तास शिकवलं. नजर रस्त्यावर. हात हलका. मध्येच ब्रेक नाही, रागाने अ‍ॅक्सिलरेटर नाही. चार वर्षांत हा रस्ता मी किती वेळा केला आणि एकदाही रुतले नाही, हेही सांगितलं. दोनदा सांगितलं.

(हे खाली तेराला लिहिते — आज काय होणार ते काल माहीत असतं तर वरचं लिहिलं नसतं.)

१३ मे

रुतले.

लिहिते, सगळं लिहिते. रस्ता जिथे संपतो ती शेवटची वस्ती. चार घरं, एक शेड. शेडपाशी उर्बानो तीन खेचरं घेऊन वाट पाहत उभा. त्याच्या अलीकडे चाळीस पावलांवर ओढा. डावीकडून जायचं, उजवीकडे खड्डा आहे. हे मला माहीत आहे. झोपेत माहीत आहे.

मी आरशात बघत होते. मागची गाडी बघायला नाही. टोपी काढून केस नीट करत होते.

उजवं चाक गेलं. मग मागचं गेलं. रागाने अ‍ॅक्सिलरेटर दाबला — तेच, जे काल अर्धा तास करू नका म्हणून शिकवलं. गाडी पोटावर बसली. पाणी दारातून आत आलं आणि माझ्या बुटात शिरलं. मागून इंजिनिअरसाहेब काच खाली करून म्हणाले, "दोमितिलाबाई, दोर हवा का?" चांगला माणूस आहे. हसला नाही. तेच मला जास्त लागलं.

उर्बानो सावकाश आला. तो सगळं सावकाश करतो. विजार गुडघ्यापर्यंत वळली. चपटे दगड आणले, एकेक हातात तोलून पाहिला, जसं काही भिंत बांधायचीय. चाकाखाली लावले. फांद्या घातल्या. मी आतून ओरडत होते, लवकर करा, पाणी वाढतंय. तो खिडकीपाशी आला.

"कोमाद्रे," म्हणाला, "दुसरा गिअर. आणि केस छान आहेत."

निघाली गाडी. मी नाही निघाले. शेडपाशी दहा मिनिटं स्टिअरिंगला धरून बसले, बुटातलं पाणी काढते म्हणून.

१४ मे

वर चढलो. खेचरांवर सामान, लिमाचे दोघे काठ्या टेकत, मी मागून धापा टाकत. तीन तास. या वाटेवर जीप जात नाही ही देवाची चूक आहे.

वर तो म्हणजे राजा असतो. खाली वस्तीत दोन शब्द बोलायला घाम फुटतो, आणि दगडांमध्ये आला की बोलायला लागतो. ही भिंत बघा, सांध्यात सुरीचं पातं जाणार नाही. हे कोनाडे बघा. हे मागच्या पावसात झाडाने ढकललं होतं, परत बसवलं. ढग दारांतून आत येत होते आणि बाहेर जात होते, घरचे असल्यासारखे. बावीस वर्षं तो हे शेवाळ खरवडतोय. पुन्हा उगवतं. पुन्हा खरवडतो. मला दोन दिवसांत वेड लागेल.

मारिसेलबाई माझ्याजवळ येऊन बसल्या आणि त्याच्याकडे बोट करून विचारलं, तुमचे मालक का? मी नाही म्हटलं. माझ्या गाडीचे धर्मबाप. त्या म्हणाल्या, अरे वा, किती गोड. त्यांना वाटलं मी बढाई मारतेय.

दुपारी पाहुणे तंबूत पडले होते. तो गवत कापत होता. मी जवळ जाऊन उभी राहिले. माझ्याच्याने राहवलं नाही. चार वर्षं न विचारलेली गोष्ट विचारली — त्या दिवशी चर्चपाशी कुठल्या कामाला आला होता?

कोयता थांबला. पात्याला चिकटलेलं गवत त्याने बोटाने पुसलं.

"बासिलियाताईंकडे जायचं होतं," म्हणाला. "तुम्हाला मागायला. थंड बियरची बाटली आणली होती."

मी म्हटलं, कुठली बाटली?

"तीच," म्हणाला. "तुमची बियर गरम झाली होती. तुम्ही म्हणालात, हातात आहे ती फोडा."

मी खाली बसले. चांगला इंकांचा दगड होता, बसायचं नसतं त्यावर, तरी त्याने उठवलं नाही.

मग तेव्हा बोलला का नाहीत, असं मी विचारलं. ओरडले असणार, कारण पाहुण्यांच्या तंबूची चेन थोडी उघडली.

"तुम्ही म्हणालात, काम नंतर."

चार वर्षं! या माणसाचं 'नंतर' चार वर्षं असतं. आणि मी, मी स्वतःच्या मागणीची बाटली स्वतःच्या बॉनेटवर फोडून घेतली, टाळ्या वाजवल्या, त्याला मिठी मारली आणि भाऊ केलं. यानामायोत इतकं मूर्ख दुसरं कोणी असेल तर मला भेटायचंय.

तो गप्प बसलेला नव्हता म्हणा. गेल्या वर्षी त्याच्या गावच्या म्हातारीला, मामा सेबेराला (आमच्याकडे मामा म्हणजे आई), जाऊन विचारून आला होता. नव्वदीची आहे, कोकाची पानं वाचते. ती म्हणाली, बियरने बांधलेलं बियरनेच सुटतं. दुसऱ्या कोणी पुढे होऊन गाडीची जबाबदारी घ्यायची, आपल्या खुशीने, सगळ्यांसमोर. आणि तो माणूस बाईच्या घरातला हवा, बाहेरचा नको.

माझ्या घरात मी आहे, बासिलिया आहे आणि कोंबड्या आहेत.

एक वर्ष माहीत होतं, मग सांगितलं का नाही?

"तुम्ही विचारलं नाहीत, कोमाद्रे."

१५ मे

पाऊस. त्याच्याशी बोलले नाही. त्याच्या हातचं सूप प्यायले. दोनदा घेतलं.

१८ मे

परत पोचलो. पांढरी गाडी आता पांढरी नाही. इंजिनिअरसाहेब खूश, म्हणाले जन्मात असा प्रवास केला नाही. ओढ्याचा विषय त्यांनी काढला नाही. मारिसेलबाईंनी निघताना माझ्या गालाला गाल लावला आणि कानात म्हणाल्या, धर्मबाप वगैरे सोडा हो. तंबूच्या चेनीतून बरंच ऐकलेलं दिसतं.

१९ मे

बासिलियाला सांगितलं. वाटेत सगळी तयारी केली होती, काय आधी, काय नंतर. दारातूनच सगळं एकदम सांगून टाकलं, हातातली पिशवीही खाली ठेवली नाही.

तिने ऐकलं. कोंबड्यांना दाणे टाकत होती, टाकत राहिली. मग म्हणाली, नाही. ती जीपची धर्ममाय होणार नाही. जीपची, ट्रकची, सायकलची — कशाचीच नाही.

का, तर आपल्या खुशीने करायचं असतं, आणि तिची खुशी नाही.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. शेजारची खिडकी आधी उघडली, मग बंद झाली, यावरून समजायचं.

२१ मे

सूपात मीठ नाही. मागितलं तर म्हणाली, जीपमधून आण.

२३ मे

आज ती स्वतःहून बोलली. मी जीपखाली पडले होते, ऑइल बदलत होते. मला तिचे फक्त पाय दिसत होते. फाटक्या चपला, निळे मोजे. तेच बरं झालं बहुतेक. तोंड दिसलं असतं तर तिने सांगितलं नसतं.

पाय म्हणाले, "आगापितोला मी सांगितलं होतं, आजचं रद्द झालंय, येऊ नका."

मी पाना हातात धरून तशीच पडून राहिले.

उर्बानो आदल्या संध्याकाळी तिच्याकडे येऊन गेला होता. तसाच रिवाज आहे, आधी घरच्या मोठ्यांच्या कानावर घालायचं. उद्या बाटली घेऊन येतो म्हणाला. तिने या म्हटलं. आणि पहाटे उठून आगापितोकडे गेली. मग चर्चपाशी माझ्या शेजारी उभी राहून, विसाव्या मिनिटाला, हळूच — तो बघ, उर्बानो उभा आहे.

आठवलं मला. तीच म्हणाली होती.

मी का म्हणून विचारलं नाही. तिनेच सांगितलं. "तू गेलीस तर या घरात मी कोणाशी भांडू?"

चौसष्ट वर्षांची आहे. लग्न केलं नाही, आधी आईला सांभाळलं म्हणून, मग मला. माझा नवरा गेला तेव्हा मी हिच्याच दारात येऊन पडले. हे सगळं मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि जीपखाली पडून फाटक्या चपला बघणं वेगळं.

ऑइल तोंडावर सांडलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, रडतेस का? मी म्हटलं, ऑइल आहे. ऑइलच होतं. निम्मं तरी.

चार वर्षं मी स्वतःला शिव्या देत होते. निम्म्या आता परत घ्यायला हव्यात. निम्म्या राहू दे, कारण मी वीस मिनिटांपुढे थांबणार नाही यावर तिने सगळा डाव लावला होता आणि मी एकवीस थांबले नाही.

२४ मे

खूप चिडले आहे. काय करावं कळत नाही म्हणून तिचं खुराडं दुरुस्त केलं.

२९ मे

मीठ परत आलं सूपात. जास्तच.

जेवल्यावर तिने कपाटातून काळा स्कर्ट काढला, सणाचा, आणि उन्हात टाकला. मी विचारलं कुठे चाललीस? म्हणाली, मला त्या दगडांपर्यंत चढवणार नसशील तर येते. रस्ता संपतो तिथपर्यंत. खुशीने येते का विचारू नकोस, वाटेत येईल खुशी.

१ जून

बासिलिया जन्मात खिंडीपलीकडे गेली नव्हती. आता सगळ्या संतांना ठाऊक आहे की गेली. एकेकाचं नाव घेऊन हाक मारत होती. दरीच्या वळणावर दार उघडून चालत येते म्हणाली. मी म्हटलं चाल, बाहेर पाय ठेवायला जागा कुठे आहे ते बघ आधी. दार बंद केलं. दोनदा ओकली. मग शेवाळाची झाडं आली, ढग आला, तिला पुढचं काही दिसेनासं झालं आणि ती शांत झाली. दिसत नाही तेच बरं, म्हणाली, आणि मक्याचे दाणे खायला लागली.

ओढा डावीकडून. आरशात बघितलं नाही.

उर्बानो होता. खेचरवाल्याकडून निरोप धाडला होता. मामा सेबेराला त्याने पाठुंगळीवर बसवून आणलं होतं. वस्तीतली चार घरं मिळून तेरा माणसं, दोन कुत्री. माळा मी नेल्या होत्या, बियरही. या वेळी थंड, ओढ्यात ठेवून.

म्हातारीने पानं फुंकली. उर्बानोला सांगितलं, आधी तू सोड. त्याने बॉनेटवर हात ठेवला. सगळ्यांसमोर बोलायचं होतं, त्याच्या मानेवर घाम दिसत होता. एवढंच म्हणाला, "चार वर्षं मी हिची काळजी घेतली. आता मी हिचा कोणी नाही."

जीपबद्दल बोलत होता. तरी मी टोपी डोळ्यांवर ओढली.

मग बासिलिया पुढे झाली. धर्ममायने बाटली हळूच टेकवायची असते, फुटली की बस. हिने दोन्ही हातांनी, लाकूड फोडतात तशी, आणि तीही नेम चुकून. डावा हेडलाइट गेला. म्हातारी मामा सेबेराच पहिल्यांदा हसली, दात नाहीत तरी. म्हणाली, हिने मनापासून केलंय.

मग उर्बानो माझ्यासमोर आला. टोपी काढली.

"म्हणजे आता मी तुमचाही कोणी नाही, दोमितिलाबाई."

हसत होता. पहिल्यांदा कोमाद्रे नाही म्हणाला. मला वाटलं, आता विचारेल. माणसं उभी होती, बियर होती, बहीण होती, म्हातारी होती. आणखी काय हवं?

खेचरांना पाणी पाजायला गेला.

३ जून

एका दिव्यावर घरी आलो. बासिलिया वाटभर झोपली. उठली की म्हणायची, माझी जीप नीट चालव.

७ जून

काही नाही.

११ जून

काही नाही. नवा हेडलाइट बसवला. आगापितो रस्त्यात भेटला, सोन्याचा दात दाखवून म्हणाला, ऐकलं की तुमची जीप अनाथ होऊन परत दत्तक गेली. सगळ्या गावाला कळलंय. मी म्हटलं हो. आणखी काय म्हणणार?

बासिलिया म्हणते, बाटली पुन्हा त्यानेच आणायची, तूच ओढून आणशील तर मी दार उघडणार नाही. मी कुठे ओढणार आहे? मी ठरवलंय थांबायचं. उद्यापर्यंत थांबणार.

१२ जून

परवापर्यंत.

१७ जून

पहाटे साडेपाच. बासिलियाने रेडिओ लावला होता. डोंगरातल्या लोकांचे निरोप वाचतात ना, कोणाची गाय हरवली, कोणाला मुलगी झाली, तो कार्यक्रम. मी दात घासत होते.

"पुयुपाताचे उर्बानो कासा यांच्याकडून यानामायोच्या दोमितिला साय्यो यांना. खेचरवाल्याकडून चिठ्ठी आली आहे. आहे तशी वाचतो."

ज्या माणसाला तेरा जणांसमोर घाम फुटतो त्याने सगळ्या खोऱ्याला ऐकवलं. बासिलियाने आवाज मोठा केला. शेजारची खिडकी उघडली. मी तोंडात फेस घेऊन उभी. आजवर कोणी काही विचारलं की प्रश्न संपायच्या आत माझं उत्तर तयार असतं. आज नाही. बासिलियाकडे पाहिलं, ती कोंबड्यांकडे बघायला लागली. अंगणात हट्टी उभी. आता दहा वाजत आलेत, अजून नाही. निवेदकाने दोनदा वाचलं, म्हणून शब्द न् शब्द पाठ झालाय —

"दोमितिला. मागायची बाटली मी चार वर्षांपूर्वीच आणली होती, ती पुन्हा आणत नाही. आता दुसरं विचारतो. ऑफिसचा कागद आला आहे. मी इथेच कायम राहायचं की खाली गावातल्या संग्रहालयात बदली घ्यायची, हे लिहून द्यायचं आहे. तू गाडी सोडून वर येणार असशील तर मी राहतो. येणार नसशील तर दगड सोडून मी खाली येतो. दोघांपैकी एकाने काहीतरी सोडायचं आहे. कोणी, ते तू सांग. चोवीस जूनला, सान हुआनच्या सणाला, सही करायची आहे. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत सांग. वर की खाली."